लग्नपत्रिकेच्या पाठीवरची चिन्हं

सर लॅबमध्ये आले की पहिलं काम खुर्ची हलवण्याचं. ती त्यांना बसायला नको असे. फिरायला वाट हवी म्हणून ते ती आधी भिंतीशी सरकवत, मग दाराशी, आणि तिथेही आडवी येते असं वाटलं की सरळ व्हरांड्यात नेऊन ठेवत. शिपाई रोज संध्याकाळी ती परत आत आणायचा. तीन वर्षांत दोघांनी एकमेकांना याबद्दल एक शब्द विचारला नाही.

भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात सर कॉम्प्युटर लॅब सांभाळत. नेमणूक कंत्राटी, दरवर्षी नवी. वय पन्नाशीच्या आसपास. अंगानं काटक, पायात रबरी चपला, आणि शर्टाचा खिसा कायम फुगलेला. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ज्यांचं गाव गेलं त्यांच्यासाठी वसवलेल्या एका वसाहतीत ते राहत आणि तिथून रोज एसटीनं अड्याळवरून भंडाऱ्याला येत. बसमध्ये जागा असली तरी उभे राहत, असं त्यांच्याबरोबर येणाऱ्या मुली सांगायच्या.

मी एकोडीची. आमची धानाची शेती. बाबांना सही येते, आईला तीही येत नाही. शाळेच्या पुढे गेलेली घरातली मी पहिली, त्यामुळे कॉलेजात कुणी मोठ्यानं बोललं तरी मला वाटायचं, आता आपल्याला परत पाठवतात. अशा मुलीला सरांसारखा शिक्षक मिळावा हे नशीब म्हणायचं की काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. कारण सरांना प्रश्न विचारलेला आवडत नसे.

कुणी हात वर केला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. राग विचारणाऱ्यावर नसायचा.

"तुले मले विचारा लागलं, म्हणजे पुस्तक हारलं," म्हणायचे. "आण इकडं ते."

मग पुस्तक हातात घेऊन ते मागची सूची उघडत. विचारलेली गोष्ट तिथून शोधायला किती पानं उलटावी लागली ते मोजत आणि दर पानाला एक फेरी मारत. गोष्ट सापडली तर "हाव, आहे ना बाप्पा" म्हणून पुस्तक परत देत. नाही सापडली तर तास संपला असं समजायचं. मग सर खिडकीपासून दारापर्यंत चालत राहत आणि स्वतःशीच बोलत. "नाव माहीत नसलेल्याची सोय करा. माहीत असणाऱ्याचं कसंही भागते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की ते आठवलं की चपलांचा आवाजही आठवतो.

खिशात काय असे ते सांगते. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेले पत्त्याएवढे तुकडे. प्रत्येक तुकड्यावर काळ्या शाईनं एकच चिन्ह. संगणकाच्या भाषेत जी चिन्हं आकडेमोड किंवा तुलना करतात, ज्यांना आम्ही ऑपरेटर म्हणतो, ती सगळी. बसमध्ये, बाजारात, दवाखान्याच्या ओळीत सर तुकडा काढून समोर धरायचे.

"याले काय म्हणता?"

"कायले म्हणा लागते?" समोरचा घाबरायचा. पुनर्वसनाचं काही नवीन निघालं की काय, असं पुष्कळांना वाटे.

"म्हणा लागत नाही. पण म्हणाच लागलं तर काय म्हणसान?"

मग लोक बोलू लागत. # हे चिन्ह अड्याळच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या एका बाईला बाजेची वीण वाटलं. कंडक्टरनं त्याला रस्त्याचा चौक म्हटलं. ^ हे कुणाला छप्पर, कुणाला टोपी. | ही उभी काडी, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. मिरचीवाल्या बाईनं तर एकदा सरांना विचारलं, "मास्तर, येवढे पोट्टे शिकवता, अन् याचं नाव मले पुसता?"

"त्यायले नाव शिकवलेलं आहे," सर म्हणाले. "ते आता पाहून नाही सांगत."

उत्तर तुकड्याच्या मागच्या बाजूला, 'चि. सौ. कां.'च्या ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात लिहून ठेवत.

माझा आणि सरांचा खरा परिचय तोंडी परीक्षेच्या दिवशी झाला. बाहेरून आलेले परीक्षक होते. त्यांनी छापील प्रोग्रामवर बोट ठेवलं. बोटाखाली ~ होतं.

"याला काय म्हणतात?"

ते काय करतं हे मला माहीत होतं. नाव माहीत नव्हतं. पहिल्या दिवसापासून मी त्याला मनात गांडूळ म्हणत आले होते, आणि तेवढा एकच शब्द तेव्हा ओठांवर येत होता. ओठ हलले, पण तो मी बाहेर पडू दिला नाही.

"खेड्यातून आलीस का? किमान नावं तरी पाठ करायची," ते म्हणाले आणि कागदावर शून्य काढलं.

बाहेर येऊन मी व्हरांड्यात त्या हाकलून दिलेल्या खुर्चीवर बसले. सर आले. समजूत वगैरे काही नाही.

"मनात काय म्हणत होती तू त्याले?"

"काही नाही, सर."

"ओठ हालले तुहे. मी पाहून राहिलो होतो दारातून."

"गांडूळ," मी म्हटलं आणि रडूच आलं.

सरांनी खिशातून तुकडा शोधून काढला आणि मागे लिहिलं, गांडूळ. हसले नाहीत. "अन् करते काय ते गांडूळ?"

"एकचा शून्य करते, शून्याचा एक."

"बरोबर." एवढं बोलून ते पुस्तक घेऊन आत गेले. मी दारातून ऐकत होते. परीक्षकांना म्हणाले, "साहेब, या पुस्तकात हे चिन्ह शोधून दाखवा. नाव न घेता."

परीक्षकांनी मागची सूची चाळली. अक्षरांप्रमाणे लावलेली. चिन्हं त्यात कुठेच नव्हती.

"अहो, नाव माहीत असल्याशिवाय कसं सापडेल?"

"तेच मी म्हणून राहिलो. पोरीले काम माहीत आहे. नाव पुस्तकानं लपवलं."

"म्हणजे मी मार्क द्यावेत?"

"मार्काचं तुमचं तुम्ही पाहा. मी पुस्तकाची तक्रार करून राहिलो."

मार्क मिळाले नाहीत. पण त्या दिवसानंतर कुणी मोठ्यानं बोललं तर मला परत पाठवतील असं वाटणं थांबलं. याचे आभार कसे मानायचे ते मला आजही समजत नाही. सरांचे आभार मानायला गेलं की ते चालायला लागत.

पदवी झाली. नोकरी नव्हती. एकोडीला जाऊन बसायचं नव्हतं. मी मुलींबरोबर खोली घेऊन भंडाऱ्यातच राहिले, सकाळी शिकवण्या घ्यायचे आणि दुपारी सरांच्या लॅबमध्ये जायचे. तिथे त्यांचं एक काम चाललं होतं. मोफत मिळणारी एक संगणकी भाषा आहे, तिचा मोठा संदर्भग्रंथ आहे, आणि तो जगभरातली माणसं बिनपगारी लिहितात. ग्रंथातल्या प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर वाचकाला न दिसणारी एक ओळ असते. हा परिच्छेद मागच्या सूचीत कोणकोणत्या नावांखाली यावा, ते त्या ओळीत लिहितात. तिला इंडेक्सची खूण म्हणायची. या खुणा गोळा करून संगणक सूची बनवतो. ऑपरेटरांच्या खुणा जुन्या होत्या, आणि चिन्ह कोणतं का असेना, नोंद फक्त त्याच्या पुस्तकी नावाखाली होती. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये नुसतं चिन्ह पाहिलेला माणूस त्या सूचीत शिरूच शकत नव्हता.

सरांचं म्हणणं, प्रत्येक चिन्हाच्या तीन नोंदी हव्यात. एक खुद्द चिन्हाची, एक नावाची, एक कामाची. ग्रंथ इंग्रजीत, त्यामुळे गांडूळ किंवा बाजेची वीण त्यात जाणार नव्हती. पण लोक आकार पाहून नाव ठेवतात हे त्यांनी तुकड्यांवर लिहून आणलं होतं, म्हणून नावाच्या नोंदीत पुस्तकी नावाबरोबर एक आकाराचं इंग्रजी नावही असावं असा त्यांचा हट्ट होता. चार वर्षं ते हे पाठवत होते आणि चार वर्षं नकार येत होता. त्या ग्रंथाचं संपादन परदेशातल्या एक बाई पाहत. या वर्षी त्यांनी लिहिलं, शुक्रवारी तुमच्या घड्याळात पाच वाजेपर्यंत सगळं स्वच्छ करून पाठवा. नवी आवृत्ती बंद होण्याआधी घेऊ. नाहीतर मग नाहीच, कारण हा विषय पुन्हा पुन्हा उघडायला आमच्याकडे माणसं नाहीत.

सरांनी तो मेल छापून दाराला चिकटवला. त्याच्यावरून जाता-येता हात फिरवत.

आई फोनवर विचारायची, "तू तिथं करून काय राहिली वं दिवसभर?"

"पुस्तकाच्या मागची यादी करतो आम्ही, आई."

"पुस्तक तू लिवलं?"

"नाही, दुसऱ्यायनं."

"मंग त्यायनंच यादी काहून नाही केली?"

मी हे सरांना सांगितलं तर ते थांबले. "तुही माय बरोबर बोलते," म्हणाले आणि पुन्हा चालू लागले.

त्यांची पद्धत जीव काढणारी होती. एक नोंद हातानं लिहायची. मग सगळा ग्रंथ पुन्हा तयार करायचा, याला पाच-सहा मिनिटं लागत. मग तयार सूचीत जाऊन ती नोंद डोळ्यांनी पाहायची, पडद्यावर खराट्याची काडी टेकवून, बोटानं नाही. बोट जाड, दोन ओळी झाकतं. मग दुसरी नोंद. साठ-पासष्ट चिन्हं, प्रत्येकाच्या तीन. माझी चुळबुळ व्हायची. शिकवणीची मुलं आठवायची, घरचा फोन आठवायचा, वर्गातल्या मुली पुण्याला नोकरीला लागल्या ते आठवायचं. सर फेऱ्या मारत, मी बसल्या जागी पाय हलवत असे. त्या खोलीत स्वस्थ असं काही असेल तर तो पंखा, तोही वीज नसली की.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "सर, तुमचं गाव पाण्यात गेलं, त्याची खूण कुठंच राहिली नाही. म्हणून तुम्ही हे करता का?"

सर इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "माहं गाव वेगळं अन् माहं काम वेगळं. एकात एक घालू नको. गाव गेलं ते गेलं. हे पुस्तक आहे, हे दुरुस्त होते."

पुढे वर्षभरानं कॉलेजनं त्यांची नेमणूक वाढवली नाही. साकोलीच्या बसस्टँडवर दिसले होते, कुणीतरी सांगितलं. दुसरं कुणी म्हणालं, तुमसरकडे एका शाळेत आहेत. फोन नंबर बदललेला. मी आता नागपुरात एका ठिकाणी याच प्रकारचं, ग्रंथ नीट लावण्याचं काम करते आणि पगार आईच्या हातात देते. माझ्या टेबलाशी येऊन कुणी काही विचारलं की माझ्या कपाळावर आठी पडते, असं इथली माणसं म्हणतात.

तर तो गुरुवार, बाईंच्या मुदतीचा आदला दिवस. पंचवीसेक चिन्हं राहिली होती. अड्याळचा बाजार होता, आणि ^ चं छप्पर की टोपी यावर सरांचं समाधान होत नव्हतं. "आणखी दहा माणसं पुसून येतो," म्हणून दुपारीच निघाले. जाताना म्हणाले, "एकेक पाहून करजो."

मी घड्याळ पाहिलं. एकेक पाहून झालंच नसतं. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, चिन्हांची यादी त्याला दिली, आणि पंचवीस चिन्हांच्या सगळ्या नोंदी त्यानं एका क्षणात लिहिल्या. ग्रंथ तयार केला. एकही चूक दाखवली नाही. सूचीवर वरून खाली एकदा नजर टाकली. सगळं भरलेलं दिसत होतं. इतकं मोकळं वाटलं की मी सरांची वाटही पाहिली नाही, त्यांच्याच नावानं काम पाठवून दिलं. खाली माझंही नाव घातलं.

शुक्रवारी सकाळी संपादक बाईंचा मेल आम्हा दोघांना आलेला होता. थोडक्यात असा: तुमच्या सूचीत 'समान नाही' असं चिन्ह शोधणाऱ्याला 'समान' मिळतं. म्हणजे तयार पान कुणी पाहिलेलं नाही. एक चुकली तर बाकीच्या मी स्वतः तपासायला हव्यात, आणि तेवढा वेळ माझ्याकडे नाही. हे सगळं मी काढून टाकते आहे.

झालं होतं ते असं. 'समान नाही' हे चिन्ह != असं लिहितात, आधी उद्गारचिन्ह, मग बरोबरचं. आणि इंडेक्सच्या खुणेत नोंदीच्या तोंडाशी उद्गारचिन्ह आलं तर तो हुकूम असतो, 'ही मुख्य नोंद, ठळक छापा'. ते स्वतः छापलं जात नाही. संगणकानं हुकूम पाळला. उद्गारचिन्ह गिळलं आणि उरलेलं = ठळक छापलं. ज्या माणसासाठी सरांनी चार वर्षं घातली होती, त्यालाच मी नेमक्या उलट पानावर पाठवलं होतं.

बाईंच्या मेलखाली सरांचं उत्तरही होतं, पहिल्या बसनं येऊन लॅबच्या संगणकावरून लिहिलेलं. चूक माझी आहे. पाच वाजेपर्यंत प्रत्येक नोंद पाहून पाठवतो. तोवर काढू नका, ही विनंती.

मी कॉलेजात पोचले तेव्हा लॅबचं दार लावलेलं होतं, आत परीक्षा चालू होती. सर व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सर, ती चूक माही आहे."

"माहीत आहे. माह्या हातानं पंचवीस चिन्हं एका दुपारात होत नाहीत."

"मंग तुम्ही आपली म्हणून काहून लिहिलं?"

"बाईनं काय चुकलं ते लिहिलं. कोणं केलं ते नाही पुसलं."

"पण तुम्ही तेच तर लिहिलं, कोणं केलं ते. अन् खोटं लिहिलं."

सर थांबले. भिंतीला हात लावून उभे राहिले. "हाव," म्हणाले. "ते चुकलंच." मग पुन्हा पाऊल उचलत, "उद्गारचिन्हाची ती खोड मले माहीत होती. पहिल्या वर्षी मीच अडकलो होतो. तुले सांगतली नाही. वाटलं, एकेक पाहशील तवा दिसनच."

"मी नाही पाहिलं."

"आता पाहू. चल."

जायचं कुठं हा प्रश्न होता. माझ्या खोलीवर गेलो तर वीज गेलेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी जुनी, अर्ध्या तासाची. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात इन्व्हर्टर होता. दुकानदार ओळखीचा. त्यानं काउंटरच्या आतल्या कोपऱ्यात स्टूल दिलं, मी लॅपटॉप मांडून बसले. तयार सूचीची छापील प्रत काढली, ती सरांच्या हातात. खराट्याची काडी लॅबमध्ये राहिली होती, म्हणून सरांनी दुकानाच्या खराट्याचीच एक काडी ओढून घेतली.

"सर, खराटा नवा हाय," दुकानदार म्हणाला.

"मंग काडी सरळ असन," सर म्हणाले.

आणि सुरू झालं. सर बाहेर फूटपाथवर चालत, मी आत. प्रत्येक चिन्ह आलं की ते काउंटरवरून ओरडायचे.

"उभी काडी!"

"आहे."

"नाव?"

"आहे."

"काम?"

"आहे, सर."

"पान उघडून पाहिलं का नुसतं आहे म्हणून राहिली?"

"उघडलं. बरोबर जाते."

"दोन उभ्या काड्या!"

झेरॉक्सला आलेली माणसं बाजूला उभी राहून पाहत. एका आजोबांनी दुकानदाराला विचारलं, हे काडी-काडी कायचं मोजून राहिले? "सरकारी हाय," त्यानं सांगून टाकलं. "सर, येका जागी बसा ना जी. माही फरशी झिजून जाईन."

"फरशी तुही नाही, नगरपालिकेची आहे," सर वळता वळता म्हणाले. "चांदणी!"

'समान नाही' पाशी आलो तेव्हा बाराचा सुमार झाला होता. यावर उपाय एकच होता, थोडी लांब पद्धत. ओळीत आधी नोंदीचा प्रकार लिहायचा आणि मग चिन्ह, म्हणजे उद्गारचिन्ह तोंडाशी येत नाही आणि जसंच्या तसं छापलं जातं. मी तसं लिहिलं, ग्रंथ तयार करायला लावला. ती पाच मिनिटं सरांनी फूटपाथ सोडून थेट बसस्टँडच्या फाटकापर्यंत जाऊन येण्यात घालवली. आले ते धापा टाकत.

"आहे?"

"आहे, सर. उद्गारचिन्हासकट."

"कुठं जाते?"

"'समान नाही'च्या पानावर."

आणखी दोन नोंदींत त्याच प्रोग्रामनं असाच गोंधळ घातलेला निघाला. बाईंना त्या दिसल्या नव्हत्या. आम्ही एकेक पाहिलं नसतं, तर त्या तशाच छापल्या गेल्या असत्या. जेवायचं राहून गेलं. दुकानदारानं तीनदा चहा मागवला.

पावणेपाचला शेवटचं चिन्ह झालं. मी काम जोडलं आणि मेल लिहायला लागले.

"काय लिहून राहिली येवढं?" सर काउंटरवरून वाकले.

"काल कसं झालं ते. प्रोग्राम मी लिहिला, पान मी पाहिलं नाही, आणखी दोन चुका निघाल्या त्याही सांगते."

"मले पुसलं काहून नाही?"

"पुसलेलं तुमाले आवडत नाही ना."

दुकानदार एवढ्या मोठ्यानं हसला की कागद मोजायचे विसरला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "दोन चुकायचे पान क्रमांकही दे," म्हणाले. मी दिले. पाचला चार मिनिटं असताना मेल गेला.

मग वाट पाहणं सुरू झालं, आणि ते सरांना येत नव्हतं. पाच मिनिटं फूटपाथवर काढली, दहा मिनिटं रस्त्यापलीकडे, आणि सव्वापाचची बस लागली तसे "येईन तवा येईन" म्हणून चढून गेले. उत्तर आलं साडेपाचला. दोन नोंदी बाईंनी परत पाठवल्या होत्या, बाकी सगळ्या घेतल्या होत्या. खाली लिहिलं होतं, चूक कशी झाली ते नीट सांगितलं, म्हणून बाकीच्यांवर विश्वास ठेवते.

सरांचा फोन नेहमीसारखा बंद. पुढचे दोन दिवस सुट्टी. त्या माणसाला सोमवारपर्यंत असं चालत ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि पुढची बस धरली.

वसाहतीच्या फाट्यावर उतरले तेव्हा अंधारून आलं होतं. कंडक्टर म्हणाला, "ताई, हीच गाडी अर्ध्या तासात परत येते. हुकली तं मंग काही नाही." आत सरळ रेषेत घरं, सगळी एकासारखी. एका घरापुढे दोघी बोलत उभ्या होत्या. मी सरांचं नाव, आडनाव सांगितलं.

"त्या नावाचे तिघं हायेत वं बाई इथं. प्लॉट नंबर सांग."

"माहीत नाही. भंडाऱ्याले कॉलेजात आहेत."

"कॉलेजात कोण हाय वं आपल्याइथं?" एकीनं दुसरीला विचारलं. दुसरीला सुचेना.

"उंच, काटक आहेत," मी म्हटलं. "एका जागी बसत नाहीत."

"चालत असते तो?" दोघी एकदमच म्हणाल्या. "मंग असं सांग ना! घरी कायले पाहतं त्याले? जाय कॅनॉलच्या रस्त्यानं."

कॅनॉलच्या रस्त्यावर सर होते. हात मागे बांधून, माझ्याकडे पाठ. मी हाक मारली. वळले, पण थांबले नाहीत. उलट माझ्या दिशेनं भरभर आले.

"काय म्हणते बाई?"

मी पिशवीतून लॅपटॉप काढला, उघडून समोर धरला. त्यांनी तो हातातून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. बारीक दाढी वाढलेली. एवढ्या जवळून मी ती पहिल्यांदाच पाहिली. सर काहीतरी म्हणतील असं मला वाटलं. चार वर्षं झाली होती. मी तर वाटभर बसच्या खिडकीशी हसत आले होते.

"दोन परत काहून पाठवल्या?" सर म्हणाले.

"एकीत आकाराचं नाव त्यायले पटलं नाही. दुसरीत..."

"सांगू नको. मी पाहतो."

आणि सूची उघडून चालायला लागले. मी त्यांच्या बाजूनं, रस्त्याची कड सांभाळत. ते पडद्यावर बोट फिरवत होते, जाड बोट. मध्येच म्हणत, "हे आलं. हेही आलं." एका ठिकाणी बोट बराच वेळ थांबलं. मी वाकून पाहिलं, तर 'समान नाही'. त्यांनी पान उघडलं, परत सूचीत आले, पुन्हा उघडलं. तीनदा. तेवढ्यात फाट्यावर बसचा हॉर्न वाजला.

"जाय, गाडी सुटन," ते म्हणाले.

आम्ही दोघंही भरभर चाललो. मी पळतच होते. मी पायरीवर चढले आणि हात पुढे केला. "सर, लॅपटॉप!"

"सोमवारी आणतो. बॅटरी आहे अजून."

"सर, अर्धाच तास चालते ती!"

कंडक्टरनं घंटी दिली. मी मागच्या सीटवर जाऊन काचेतून पाहिलं. फाट्यावर कुणी नव्हतं. वसाहतीच्या बाजूलाही नाही. थोडं पलीकडे, कॅनॉलच्या रस्त्यानं, एक निळसर उजेड हळूहळू चालत निघाला होता.